पडणाऱ्या सरांचा सत्कार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नवतरुण क्रीडा मंडळाचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय रामचंद्रकाका. प्रमुख पाहुण्या आणि एके काळच्या नामवंत ज्युदोपटू नीलाताई. आजचे सत्कारमूर्ती, आम्हा सर्वांचे गुणाजी सर. व्यासपीठावर खुर्ची मांडलेली असताना "माका हयच बरा" म्हणून पहिल्या रांगेत जाऊन बसलेल्या, सरांच्या सौभाग्यवती वनमालाकाकी. मंडळाचे आजी-माजी विद्यार्थी, त्यांचे सोशिक आईवडील, आणि जोगेश्वरीहून रिक्षा मिळाली नाही म्हणून आत्ता धापा टाकत येऊन मागे उभे राहिलेले माझे बंधुभगिनी, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या श्रुतिकाने माझी ओळख फारच भरजरी करून दिली. अस्थिरोगतज्ज्ञ काय, मंडळाची शान काय! श्रुतिका, तू आणि मी एकाच दिवशी एकाच गादीवर तोंडावर आपटलो होतो, ते मात्र सांगितलं नाहीस. असो. पार्ल्याच्या सभागृहात आलं की आपण जोगेश्वरीकर जरा जपूनच बोलतो. मला पाच मिनिटं दिलेली आहेत. ती मी पाळणार नाही, हे आधीच सांगते. पेशंट ताटकळत ठेवायची डॉक्टरांना सवयच असते, आज सभागृह ठेवते.

मंडळी, सरांचा सत्कार आहे म्हटल्यावर मला काहींनी विचारलं, "सरांनी कुठली पदकं मिळवली?" फारशी नाहीत. "मग त्यांचे विद्यार्थी मोठ्या स्पर्धा जिंकले असतील?" काही जिंकले, बरेच हरले. मग हा माणूस आहे तरी कोण, की ज्याच्यासाठी कुणी पुण्याहून, कुणी नाशकाहून रजा टाकून आलं आहे? माझ्या परीने उत्तर देते. हा माणूस आमच्यासाठी पडला. मी हे अलंकारिक बोलत नाहीये. खरोखर, मॅटवर, पाठीवर, थाड आवाज करून पडला. तीसेक वर्षं पडला.

पाहुण्यांना आमच्या मंडळाच्या ज्युदो वर्गाची एक रीत माहीत नसेल, ती सांगते. आमच्याकडे वाढदिवसाला केक कापत नाहीत. ज्या मुलाचा वाढदिवस असेल, त्याने सगळ्या वर्गासमोर आपल्या आवडत्या डावाने सरांना पाडायचं. बाकीची पोरं भिंतीला पाठ लावून बसतात. सर समोर येतात, वाकून नमस्कार करतात आणि एकच शब्द विचारतात, "कुठला?" मुलाने डावाचं नाव सांगायचं. म्हणजे काय येणार हे समोरच्याला आधीच ठाऊक. सर ताकद लावून अडवत नाहीत. पण एक गोष्ट लक्षात घ्या, सर खोटं पडत नाहीत. डाव कच्चा असला तर खांबासारखे उभे राहतात आणि म्हणतात, "पुढच्या वर्षी." डाव खरा असला तर पडतात. मग ज्याने पाडलं त्याने हात देऊन त्यांना उठवायचं. आणि दोन्ही बाबतींत शेवटी काकींनी डब्यात घालून दिलेलं मालवणी खाजं सगळ्यांना मिळायचं. खाजं मात्र कच्च्या-पक्क्याचा भेद करत नसे.

आता पालकांना हे सगळं भयंकर वाटेल. माझ्या आईला वाटलंच होतं. खरं तर तिने माझ्या भावाला, चैतन्यला, वर्गात घातलं होतं. मला एकटीला घरी कुठे ठेवायचं म्हणून सोबत आणत असे. मी नऊ वर्षांची. कोपऱ्यात बसून गणितं करायची. सरांनी काही दिवस पाहिलं आणि आईला म्हणाले, "वहिनी, ही गणितं चुकवतेय. लक्ष सगळं इकडे आहे. येऊ द्या हिला मॅटवर." मॅट म्हणजे काय, तर मंडप डेकोरेटरकडून मागून आणलेल्या कापसाच्या गाद्या आणि त्यावर ताणून बांधलेली ताडपत्री. पहिले कित्येक दिवस सरांनी आम्हाला एकही डाव शिकवला नाही. फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, हाताचा पंजा मॅटवर जोरात, श्वास बाहेर. आई घरी वडिलांना म्हणाली, "पैसे भरून पडायला शिकवतात हो तिथे!"

पडणं जमलं की सर डावांकडे वळायचे. आणि इथे त्यांची पद्धत जगावेगळी होती. ते सगळे डाव दाखवायचे, पण म्हणायचे, "यातला एक आवडायला हवा. मी सांगतो म्हणून नाही, आपल्याला आवडतो म्हणून." सरांचे वडील गिरणीत कामाला आणि परळच्या आखाड्यात कुस्ती खेळणारे. त्यामुळे सर जपानी नावाला लगेच आपलं कुस्तीतलं नाव जोडून द्यायचे. सेओई नागे म्हटलं की, "म्हणजे आपला धोबीपछाड रे, चुलत भाऊ." समोरच्याचा हात धरायचा, वळून त्याच्या पोटाखाली शिरायचं आणि खांद्यावरून पुढे आपटायचं. हा डाव श्रुतिकाचा. ती वर्गात सगळ्यांत बुटकी. बुटक्या माणसाला मोठ्या माणसाच्या खाली शिरणं सोपं, हे तिला सरांनी सांगावं लागलं नाही. त्यानंतर तिने आयुष्यात कुणालाच स्टूल आणून द्यायला सांगितलं नाही.

चैतन्यला आवडला दे आशी बाराई. समोरचा पाऊल टाकतो, ते जमिनीला टेकायच्या आत अलगद बाजूला झाडायचं. ओल्या जिन्यावर पाय सरकतो ना, तसा माणूस खाली येतो. चैतन्य मूळचा आळशी. ज्यात उचलाउचल नाही, असा डाव त्याने शोधून काढला. सर म्हणायचे, "आळशी माणसाला वेळ बरोबर कळते." आता तो शेअर बाजारात आहे, तिथे काय झाडतो ते आम्ही विचारत नाही.

आणि माझा? माझा ओ सोतो गारी. सर त्याला बाहेरची टांग म्हणायचे. समोरून सरळ आत घुसायचं आणि त्याच्या पायामागे आपला पाय घालून मागे पाडायचं. यात वळणं नाही, चकवणं नाही. सर एकदा मला म्हणाले होते, "अनुपमा, तुझा डाव दारावर टकटक न करता आत शिरतो." माझ्या नवऱ्याचंही माझ्याबद्दल हेच मत आहे.

सांगायचा मुद्दा असा, की प्रत्येकाला आपला डाव सापडला तो सरांच्या अंगावर. पाडायच्या सरावासाठी माणसाएवढ्या बाहुल्या मिळतात, त्या घेण्याइतके पैसे मंडळाकडे नव्हतेच, पण असते तरी सरांनी त्या घेतल्या नसत्या. ते म्हणायचे, बाहुलीला पाडून काय कळणार? जिवंत माणूस पडला, आणि त्याला काही झालं नाही, आणि तो हसत उठला, हे मुलाने पाहिलं पाहिजे. तेव्हा त्याला आपल्या ताकदीची भीती वाटेनाशी होते आणि समोरच्याची काळजीही वाटायला लागते. मी सर्जन आहे. रोज माणसांच्या हाडांवर हातोडी चालवते. हे वाक्य मला जितकं उपयोगी पडलं, तितकं वैद्यकीय कॉलेजातलं फारसं काही पडलं नाही.

तर अशी वर्षं गेली. आता मला जे सांगायचं आहे, ते सांगताना माझा आवाज थोडा चढेल, अध्यक्षमहाराजांनी सांभाळून घ्यावं.

पावसाळा संपता संपता काकींचा मला फोन आला. काकी फोनवर फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "गो अनुपमा, ह्येंच्या हातातसून कप पडतत. तिसरो फुटलो काल. शर्टाची बटणा पण माकाच लावची लागतत. माका भय वाटता." मी सरांना बोलावून घेतलं. कसे आले माहीत आहे? "इकडे अंधेरीला काम होतं, म्हटलं डोकावून जावं," म्हणत आले. त्यांना चालताना पाहिलं. ज्या माणसाचं पाऊल मांजरासारखं पडायचं, तो पाय ओढत चालत होता. एमआरआय केला. पेशंटची माहिती चारचौघांत सांगू नये, हा आमच्या धंद्याचा धर्म. पण सरांनी ती लपवून ठेवायचा जो उद्योग मांडला आहे, तो पाहून काकींनी मला आज्ञा दिली की, "सांग सगळा." मी काकींची आज्ञा पाळते आहे.

सरांच्या मानेतल्या मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब देते आहे. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणारी मुख्य तार. आज हात बधिर होतात, पाय ओढला जातो. उद्या एकदा जरी जोरात पडणं झालं, मानेला झटका बसला, तर हात आणि पाय दोन्ही जाऊ शकतात. कायमचे. ऑपरेशन केलं तर हे थांबतं, आणि बरंच सुधारतंही. मात्र ऑपरेशननंतर मॅटवर पडायचं नाही. कधीच नाही.

हे सगळं मी त्यांना माझ्या केबिनमध्ये फोटो दाखवून समजावलं. सरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बरं. निशाचा वाढदिवस झाला की बघू."

मी म्हटलं, "सर, तुम्हाला कळलं का मी काय बोलले?"

"कळलं गो. मी काय ढ आहे? पण पोरगी वर्षभर तयारी करतेय."

"एक पडणं चुकलं तर..."

"इतकी वर्षं पडतोय. कधी चुकीचा पडलो?"

मी चिडले. टेबलावर हात आपटला. मी सरांसमोर आवाज चढवला, हे आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "शिकवा ना तुम्ही! खुर्चीत बसा, कॉलर घाला, ओरडा, शिट्टी वाजवा. पडायलाच कशाला पाहिजे?" तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि त्यांची मालवणी बाहेर आली. सर मालवणीत बोलायला लागले की समजावं, आतलं बोलतायत. म्हणाले, "शिकवूक कोणय येतलो गो. पडूक कोण येतलो?"

मी एमआरआयचे फोटो गोळा करून पाकिटात भरले.

आता ही निशा कोण, ते सांगायला हवं. निशा, ऊठ बघू जरा. ही आमची निशा. हे कुटुंब मनोरीचं, कोळीवाड्यातलं. हिची आई मंजुळाताई आपल्या जोगेश्वरीच्या बाजारात मासळी विकते, ती बघा काकींच्या शेजारीच बसली आहे, आणि निशा शाळेसाठी जोगेश्वरीतच मावशीकडे राहते. मुलगी फारसं बोलत नाही. पण लहानपणापासून मासळीच्या पाट्या उचललेल्या, तेव्हा खांद्यात बळ भरपूर. हिला डाव कुठला आवडावा? काता गुरुमा. म्हणजे सरांच्या भाषेत कलाजंग. समोरच्याच्या काखेत आणि मांडीखाली हात घालून अख्खा माणूस आपल्या दोन्ही खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. स्पर्धांमध्ये आता पायाला हात लावायची बंदी असल्याने हा डाव पूर्वीसारखा चालत नाही. सरांनी तिला सांगितलं, "स्पर्धेसाठी दुसरा शीक. वाढदिवसाला हाच कर. आवड ती आवड."

गेल्या वर्षीच्या वाढदिवशी निशाने सरांना खांद्यावर घेतलं होतं. घेतलं खरं, पण पुढे काय करायचं ते सुचेना. सर वर आडवे, ही खाली लटपटतेय, आणि दोघंही हळूहळू खाली बसले. वर्ग हसून लोळला. सरही हसले. म्हणाले, "पुढच्या वर्षी." निशा हसली नाही. ती त्या दिवसापासून रोज वर्ग सुटल्यावर थांबून सराव करायला लागली. तर यंदाचा वाढदिवस असा होता, आणि डाव असा, की ज्यात सर खांद्याच्या उंचीवरून पाठीवर येणार. जगातल्या सगळ्या डावांतून पोरीने नेमका हाच निवडावा! यात तिची काही चूक नाही. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी रामचंद्रकाकांना फोन केला. काकांनी एक राजकारणी युक्ती केली. रंगकामासाठी हॉल बंद, अशी पाटी लावली. सरांनी पाटी वाचली आणि मुलांना सांगितलं, "मग शाळेच्या मैदानावर भेटू, गवतावर." काकांनी घाईघाईने पाटी काढली. गवतापेक्षा मॅट बरी! काका, तुम्ही मान खाली घालू नका, तुमचा हेतू चांगला होता.

वाढदिवसाच्या संध्याकाळी मी ओपीडी अर्धी टाकून धावत निघाले. हॉलमध्ये पोचले तेव्हा पोरं भिंतीला पाठ लावून बसली होती. सरांनी मानेची कॉलर काढून पिशवीत ठेवली होती. वाकून नमस्कार झाला होता. सरांचा "कुठला?" मला दारातच ऐकू आला. मी तशीच पुढे घुसले, दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सर, बाहेर व्हा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाले, "अनुपमा, चप्पल."

मंडळी, मी चपला घालून मॅटवर चढले होते! ज्याने आमच्या मंडळात एक दिवस जरी काढला असेल, त्याला कळेल हा केवढा गुन्हा. एवढी मी डॉक्टर, हातात एमआरआयचं पाकीट, आणि लहान मुलीसारखी पळत जाऊन चपला काढून दाराशी ठेवून आले. ठेवून परत येईपर्यंत माझा सगळा रुबाब उतरलेला. तेवढ्यात सर निशाला म्हणाले, "चल. घे."

मग मात्र मी सगळं ओरडून सांगून टाकलं. मुलांसमोर. सरांच्या मानेत काय झालंय, पडले तर काय होईल. सरांचा चेहरा मी बघितला नाही. बघवलाच नसता. मी निशाकडे बघत होते. तिने सरांच्या जाकिटाची पकड सोडली आणि दोन पावलं मागे सरकली.

सर तिला रागावले. "मागे कशाला जातेस? वर्षभर काय केलंस मग? हिचं ऐकू नको. मला काही होत नाही."

निशा म्हणाली, "सर, टाकीन मी तुम्हाला. येतो मला आता. पण मग उठला नाय तर?"

मग ही मुलगी माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज बाजारातला, खणखणीत. "मॅडम, तुम्ही येता का? तुम्ही पण सरांकडेच शिकलात ना? पडता येतं ना?"

मी चाळिशी ओलांडलेली, अंगावर ओपीडीचा सलवार-कमीज, ओढणी. शेवटची कधी पडले होते ते आठवत नव्हतं. मी ओढणी काढून त्या दिवशी वर्गावर मदतीला आलेल्या श्रुतिकाकडे दिली. निशासमोर उभी राहिले. सवयीने तोंडातून निघून गेलं, "कुठला?"

"काता गुरुमा."

तिने मला उचललं. एका दमात, जशी पाटी उचलावी. मी तिच्या खांद्यांवर आडवी, वर पंखा गरगरतोय, आणि माझ्या मनात काय आलं म्हणाल? माझं वजन वाढलंय, हे हिला आधी सांगायला हवं होतं. आणि मग मी खाली आले. हनुवटी आपोआप छातीला गेली, हात आपोआप मॅटवर आपटला. मला ते आठवावं लागलं नाही. थाड आवाज झाला. पण मंडळी, आवाज दोन झाले. दुसरा सरांचा. मी खाली पडत असताना भिंतीशी जाऊन उभ्या राहिलेल्या सरांनी स्वतःच्या मांडीवर पंजा मारला होता. माझ्यासोबत तेही पडले होते.

निशाने हात दिला, मी उठले. सर तिच्याजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खरा होता. कच्चा काय नव्हता त्यात." मला मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. पिशवी उचलली आणि चालू लागले. कॉलरसुद्धा घातली नाही.

त्या दिवसापासून सर माझ्याशी बोलत नाहीत. आजही व्यासपीठावर मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद रामचंद्रकाकांनी दिला. मला याचं वाईट वाटतं का? फार वाटतं. रात्रीची झोप उडण्याइतकं वाटतं. सर, तुम्हाला वाटत असेल मी तुमचं तुमच्यापासून काढून घेतलं. ते मी काढून घेतलंच आहे, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन.

आता थोडा स्पष्टपणा करते. निमंत्रणपत्रिकेत आम्ही "गौरव समारंभ" असं छापलं आहे. "निरोप" हा शब्द मुद्दामच घातला नाही, नाहीतर सर आलेच नसते. सर, तुमच्या लक्षात आलं असेल, हा समारंभ म्हणजे डाव आहे. हार घातला, शाल पांघरली, म्हणजे पकड बसली. त्याचं कारणही तसंच आहे. ऑपरेशनची तारीख येत्या बुधवारची मिळाली आहे. आमचे मणक्याचे वरिष्ठ सर्जन ते करणार आहेत आणि मी तिथे उभी असणार आहे. सरांनी संमती दिलेली नाही. शिवाय परवा विकी मला भेटला. दहा वर्षांचा आहे, पोटात काही राहत नाही. म्हणाला, "मॅडम, माझा बर्थडे आहे ना, सर बोलले आपण गुपचूप करू. तुम्हाला नाय सांगायचं." विकी, बाळा, तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही. पण सर, असं चाललं आहे तुमचं!

तुम्ही केबिनमध्ये मला विचारलं होतंत, पडायला कोण येणार? तेव्हा मी गप्प बसले. त्याचं उत्तर मी इतक्या दिवसांत शोधून आणलं आहे. मी बोलून दाखवत नाही. सभागृहात आपल्या मंडळाचे जे जुने विद्यार्थी आहेत, ज्यांनी कधी ना कधी सरांना आपल्या डावाने पाडलं आहे, आणि जे इथून पुढे पोरांच्या वाढदिवसाला मॅटवर येऊन पडायला तयार आहेत, त्यांनी कृपया उभं राहावं.

सर, मान वळवू नका. खुर्चीसकट वळा. काका, जरा मदत करा त्यांना. बघा. ती ऋतिका, नाशकाहून आलेली. ती मागची रांग बघा, अख्खी. प्रीतम, तुझा तर गुडघा मीच शिवलाय, तू बस. नाही बसत? बरं, बघू आपण. नितेश, बँकेत बसून पोट काय केलं आहेस रे, तू पडलास तर मॅट बदलावी लागेल, पण उभा राहिलास, छान वाटलं. चैतन्य, तूसुद्धा? आमचा आळशीही उभा आहे, सर!

यातलं कुणीही तुमच्यासारखं पडणार नाही, हे मान्य. काहीजण वाकडे पडतील. मग तुम्ही आहातच की. खुर्चीत बसून आम्हाला शिव्या घालायला. पोरांना डाव खरा की कच्चा, हे सांगणारं कुणीतरी हवं, आणि ते आमच्यापैकी कुणालाच नीट कळत नाही.

आता माझी एक मागणी आहे आणि मग मी बसते. ज्युदोत समोरच्याने पकड घट्ट बसवली आणि सुटका नसली, की खेळाडूने मॅटवर हाताने दोनदा थाप मारायची असते. थाप ऐकू आली की समोरच्याने तत्क्षणी सोडायचं. न सोडणाऱ्याला सर वर्गाबाहेर काढायचे. मी तुम्हाला असं कधी थाप मारताना पाहिलेलं नाही, सर. तुमच्यावर कुणी पकड बसवूच शकलं नाही. आज आम्ही सगळ्यांनी मिळून बसवली आहे. मान हलवून होकार देऊ नका, मान हलवायची नाही. तुमच्या उजव्या हाताशी टेबल आहे.

...

आम्ही थांबतो, सर. घाई नाही.

...

ही एकच झाली. एक थाप म्हणजे माशी मारली, असं तुम्हीच सांगायचात. नियम दोनचा आहे.

...

ऐकलंत ना सगळ्यांनी? काकी, तुम्ही ऐकलंत? सोडलं, सर. सोडलं.

बसा मंडळी, बसा. टाळ्या नंतर.

या समारंभासाठी राबलेल्या सर्व कार्यकर्त्यांची, वेळ काढून आलेल्या नीलाताईंची आणि माझ्या पाच मिनिटांची पंचवीस होऊ देणाऱ्या अध्यक्षांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं पोट काढलं, कुणाचा आळस काढला, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर ते वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं आणि बरोबरीच्यांनी मॅटवर वसूल करावं. सरांची मात्र मी माफी मागणार नाही. त्यांना फक्त सूचना आहेत. मंगळवारी संध्याकाळी हलकं जेवा. बुधवारी सकाळी चहा नाही, पाणीसुद्धा नाही. कॉलर घालून या. आणि सर, दारात माझ्याशी बोला. नमस्कार.